पुनर्जन्माला परीक्षा द्यावी लागेल

चेतना म्हणजे काय, हे विज्ञानाला अजून सांगता आलेलं नाही. म्हणून आत्मा आहे, आणि आत्मा आहे म्हणून पुनर्जन्मही आहे. पुण्यात विज्ञान आणि अध्यात्म असा विषय निघाला की ही उडी हमखास मारली जाते. व्याख्यान संपून प्रश्नोत्तरं सुरू झाली की कुणीतरी उठून हे बोलतं आणि अर्धं सभागृह टाळ्या वाजवतं. मग दुसऱ्या बाजूचं कुणीतरी उठतं: मेंदू मेला की सगळं संपलं, हे केव्हाच सिद्ध झालंय, यावर चर्चा करणं हीच अंधश्रद्धा. उरलेलं अर्धं सभागृह टाळ्या वाजवतं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती याच शहरात. वाद ऐकून घेण्याची इतकी जुनी सवय असलेल्या गावात हा वाद इतका ढिसाळ का व्हावा? माझ्या मते दोन्ही बाजूंची चूक एकच आहे. चेतना आणि पुनर्जन्म हे दोन निराळे प्रश्न त्यांनी एका मोटेत बांधलेत. चेतनेचा प्रश्न विज्ञानाचा आहे, अवघड आहे, आणि त्यावर काम चालू आहे. पुनर्जन्माचं म्हणाल, तर तो जगात काही खूण सोडतो असं सांगितलं जातं तेवढ्यापुरता तोही विज्ञानाच्या अखत्यारीत येतो, आणि आजवरच्या तपासात त्याचा पुरावा कच्चा ठरलाय. तो कसलीच खूण सोडत नाही असं म्हणाल, तर विज्ञान गप्प बसेल. पण मग त्याच्या नावानं कुणाच्या आजाराचं, दारिद्र्याचं किंवा जातीचं कारणही सांगता येणार नाही.

आधी चेतनेबद्दल. श्रद्धावाद्यांचा सगळ्यात बळकट मुद्दा मी मोकळेपणानं मान्य करतो. मेंदूत कुठल्या पेशी कधी पेटतात हे कितीही बारकाईनं सांगितलं, तरी त्या पेटण्याबरोबर दुखणं, लाल दिसणं, केवड्याचा वास येणं असा अनुभव का असावा, हा प्रश्न शिल्लक राहतो. डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञानं १९९० च्या दशकात त्याला 'अवघड प्रश्न' असं नाव दिलं. १९९८ मध्ये मेंदुशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख यांनी त्यांच्याशी पैज लावली की पंचवीस वर्षांत चेतनेची मेंदूतली स्पष्ट खूण सापडेल. २०२३ मध्ये कॉख यांनी सर्वांसमक्ष हार मानली. चेतनेच्या दोन प्रमुख सिद्धांतांना समोरासमोर उभं करून, दोन्ही बाजूंनी आधीच लिहून दिलेली भाकितं तपासणारा एक मोठा प्रयोग २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. २५६ माणसांवरच्या त्या प्रयोगात दोन्ही सिद्धांतांची काही महत्त्वाची भाकितं चुकली. तेव्हा 'मेंदूचं कोडं सुटलंय' असं जे विवेकवादी मित्र सांगतात, ते विज्ञानाच्या वतीनं खोटी ग्वाही देतात.

पण कोडं सुटलं नाही याचा अर्थ विज्ञानाला तिथे प्रवेशच नाही, असा होतो का? १९८० च्या दशकापर्यंत अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरच्या शस्त्रक्रिया अनेक ठिकाणी पुरेशा भुलीशिवाय होत. स्नायू सैल करणारं औषध द्यायचं, सोबत नायट्रस ऑक्साइड हा सौम्य भुलीचा वायू थोडासा, की बाळ हलत नसे. एवढ्याशा जिवाला वेदना कळत नाहीत, ही समजूत त्यामागे होती. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेले कन्वलजीत आनंद यांनी या बाळांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं मोजली. योग्य वेदनाशामक दिलेल्या बाळांचा ताण कमी होता आणि शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रवही कमी होते. १९८७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरची पद्धत बदलत गेली. बाळाच्या आत शिरून त्याचा अनुभव कुणी घेतला नव्हता. त्या अनुभवाची शरीरावर उमटलेली खूण मोजली होती. २००६ मध्ये मेंदुशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी अपघातानंतर कसलाच प्रतिसाद न देणाऱ्या तेवीस वर्षांच्या तरुणीला स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं, 'तू टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर.' निरोगी माणसाच्या मेंदूचा जो भाग अशा वेळी जागा होतो, तोच तिच्याही मेंदूत जागा झाला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय अभ्यासात सांगितलेलं काहीच न करणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूत सूचना पाळल्याच्या खुणा दिसल्या. म्हणजे चौघांत एक. आयसीयूच्या काचेबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकाला या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. चेतना विज्ञानाच्या कक्षेबाहेर आहे म्हणणाऱ्यांनी सांगावं, हे साठ जण जागे आहेत हे आणखी कुठल्या मार्गानं कळलं असतं?

बरं, चेतनेचं कोडं कायमचं अनुत्तरित राहील असं क्षणभर धरून चालू. त्यातून पुनर्जन्म निघतो कसा? खुद्द चाल्मर्स अनुभवाला भौतिक वर्णनात बसवता येत नाही असं म्हणतात, पण मेंदू जसा तसा अनुभव, हे नातं निसर्गनियमासारखं पक्कं आहे हेही मानतात. चेतना विश्वाच्या मुळाशी आहे असं मानलं, तरी अमक्या गावचा अमका वाणी मेला आणि त्याच्या आठवणी, आवडीनिवडी, धाकट्या भावावरचा राग घेऊन पंचवीस कोसांवरच्या घरात जन्मला, हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी आठवणींना मेंदूशिवाय टिकावं लागेल. इथे मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९८ मध्ये मांडलेला युक्तिवाद पुढे केला जातो, आजकाल रेडिओच्या भाषेत: मेंदू चेतना निर्माण करत नाही, ती फक्त पकडतो, रेडिओ फुटला म्हणून आकाशवाणी बंद पडत नाही. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण तो शेवटपर्यंत ताणून पाहावा. रेडिओ बिघडला तर खरखर होते, आवाज बारीक होतो. बातम्यांचा मजकूर बदलत नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या घरी काय दिसतं? आधी काल काय झालं ते जातं, मग नातवंडांची नावं, मग चाळीस वर्षांच्या जोडीदाराची ओळख, आणि कधी कधी स्वभावच. अत्यंत प्रेमळ माणूस संशयी आणि कठोर होतो. इथे बिघडतो तो मजकूर. मेंदूचा एक कोपरा झिजल्यावर जी आठवण टिकत नाही, ती सगळा मेंदू राख झाल्यावर शाबूत राहून दुसऱ्या शरीरात कशी जाईल? या प्रश्नाला सरळ भिडणारं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

पुनर्जन्माचा प्रश्न पुराव्यानं तपासायचाच नसतो, तो श्रद्धेचा आहे, असं म्हणणाऱ्यांना आपल्याच परंपरेचा विसर पडलाय. न्यायदर्शनाचा पाया घालणाऱ्या अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांचा तिसरा अध्याय पाहा. तिथे पुनर्जन्माच्या बाजूनं दिलेला युक्तिवाद चक्क निरीक्षणाचा आहे: नुकतं जन्मलेलं बाळ स्तनाकडे वळतं, ही ओढ त्याला कुणी शिकवली? या जन्मी शिकायला वेळच मिळाला नाही, म्हणजे मागच्या जन्मीच्या सवयीतून ती आली. प्रतिपक्षालाही तिथे जागा आहे. तो म्हणतो, कमळ आपोआप उमलतं-मिटतं, लोखंड आपोआप चुंबकाकडे जातं, तसंच बाळाचं. मग नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, त्याला उत्तर देतात. परलोक न मानणाऱ्या चार्वाकांनी आणखी एक दाखला दिला: ज्या पदार्थांपासून मद्य होतं त्यांत सुटेपणी नशा नसते, ती मिश्रणातून उपजते, तसंच पृथ्वी, पाणी, तेज, वायू या भूतांच्या संयोगातून चैतन्य उपजतं. माधवाचार्यांनी निरनिराळ्या दर्शनांची मतं मांडलेल्या ज्या सर्वदर्शनसंग्रहाची सटीक आवृत्ती वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी १९२४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेतून काढली, त्याची सुरुवातच चार्वाकमतापासून होते. म्हणजे विरोधकाचं म्हणणं आधी, पूर्ण, आणि मगच त्याचं खंडन. आज आपल्या सभागृहांत एवढंही होत नाही.

आणि त्या जुन्या वादाचा निकाल काय लागला? नैयायिकांचा प्रश्न बिनतोड होता. न शिकता आलेली ओढ कुठून येते, याला कमळ आणि चुंबक हे उत्तर पुरेसं नव्हतं. पुरेसं उत्तर डार्विननंतर मिळालं. ज्या पूर्वजांची पिल्लं जन्मतःच चोखू शकली ती जगली, आणि ती क्षमता वंशात उतरली. आता तर सोनोग्राफीत गर्भ अंगठा चोखताना दिसतो. नैयायिकांचा अंदाज अर्धा खरा होता, हे मला फार विलक्षण वाटतं. बाळाच्या ओढीमागे पूर्वीचं आयुष्य आहेच, फक्त ते त्या एका जीवाचं नसून असंख्य पूर्वजांचं आहे. पुनर्जन्माचा एक भक्कम मानला गेलेला पुरावा तपासाला उतरला आणि त्याचं अधिक चांगलं स्पष्टीकरण सापडलं. विज्ञान या प्रश्नाला हात घालू शकत नाही, असं यानंतरही म्हणायचं?

आजचा पुरावा इयन स्टीव्हन्सन यांचा. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या या मानसोपचारतज्ज्ञानं चार दशकांहून अधिक काळ, मागचा जन्म आठवतो म्हणणाऱ्या मुलांची सुमारे अडीच हजार प्रकरणं जमवली. त्यांतली बरीच भारतातली होती. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरिचा त्यांच्या सहकारी होत्या. स्टीव्हन्सन यांना भोंदू म्हणणाऱ्यांनी त्यांचं काम वाचलेलं नसतं. ते गावोगाव हिंडले, साक्षी पुन्हा पुन्हा तपासल्या, स्वतःच्या प्रकरणांतले कच्चे दुवे स्वतः छापले, आणि पुस्तकाच्या नावातही 'सिद्ध' म्हणण्याऐवजी 'सूचक' असाच शब्द वापरला. संमोहनातून मागचा जन्म काढण्याच्या धंद्याबद्दल तर त्यांनी सावधच केलं होतं. शनिवार-रविवारच्या शिबिरांत डोळे मिटवून गतजन्म दाखवणाऱ्यांनी त्यांचं नाव घ्यावं, हा त्यांच्यावर अन्याय आहे. महत्त्वाची आणखी एक गोष्ट. बहुतेक प्रकरणांत संशोधक पोचण्याआधीच मुलाचं आणि मृत व्यक्तीचं अशी दोन्ही कुटुंबं भेटलेली असतात, त्यामुळे आठवणी एकमेकांत मिसळतात, हा नेहमीचा आक्षेप. १९९८ मध्ये स्टीव्हन्सन यांनी एका सहकाऱ्याबरोबर, भेटीआधी लेखी नोंद झालेली थोडी प्रकरणं आणि तशी नोंद नसलेली प्रकरणं यांची तुलना केली. बरोबर निघालेल्या विधानांचं प्रमाण दोन्हींत जवळपास सारखं होतं. टीकाकारांनी याची दखल घ्यायलाच हवी.

तरीही हे काम मला पटत नाही. पहिली अडचण गणिताची आहे. मूल म्हणतं, माझं दुकान होतं, दोन मुलगे होते, अंगणात विहीर होती, गाडीखाली येऊन मेलो. मग घरचे अशा माणसाच्या शोधात निघतात. उत्तर भारतातल्या दाट वस्तीच्या चार-दोन जिल्ह्यांत या वर्णनात बसणारा मृत दुकानदार निव्वळ योगायोगानं सापडण्याची शक्यता किती? ती कुणी नीट मोजलेली नाही. किती मुलांनी असं काही सांगितलं आणि कुणीच सापडलं नाही म्हणून गोष्ट तिथेच विरली, हेही कळत नाही. लेखी नोंद आधी झाली तरी ही अडचण जात नाही, कारण नोंदीशी जुळणारा माणूस शोधूनच काढलेला असतो. दुसरी अडचण याहून मोठी. लेबनॉनचे द्रुझ आणि अलास्कातले त्लिंगित लोक मानतात की पुरुष पुन्हा पुरुषच होतो आणि बाई बाईच. लिंग बदलून जन्म घेतल्याची प्रकरणं तिथे स्टीव्हन्सन यांना मिळाली नाहीत. म्यानमारमध्ये तसं घडतं अशी श्रद्धा आहे, आणि तिथे ती भरपूर मिळाली. पुनर्जन्म हा निसर्गाचा नियम असेल तर तो प्रत्येक समाजाची समजूत विचारून वागतो काय? श्रद्धाळू म्हणतील की आत्मा मरताना जे मानतो तसा जन्म घेतो. पण मग कुठलंही निरीक्षण या सिद्धांताच्या विरोधात जाऊच शकत नाही, आणि विरोधात काही जाऊ शकत नसेल तर बाजूनं तरी काय जाणार?

महाराष्ट्रातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण नागपूरचं. एक उच्चशिक्षित मराठी महिला १९७४ पासून अधूनमधून स्वतःला शारदा म्हणवू लागली, एकोणिसाव्या शतकातल्या बंगाली बाईसारखी वागू-बोलू लागली. तिचं बंगाली अस्खलित होतं असं बंगाली लोकांनी सांगितलं. मानसशास्त्राचे अभ्यासक अकोलकर यांनी ते प्रकरण अनेक वर्षं अभ्यासलं, स्टीव्हन्सन आणि पसरिचा यांनीही. तिची फसवणुकीची इच्छा होती असं मला मुळीच वाटत नाही. पण तिनं संस्कृत शिकलेलं होतं, बंगाली वाचनाचे थोडे धडे घेतले होते, बंगालची ओढ घरातच होती, हेही त्याच नोंदींत आहे. मन आपल्याच नकळत किती साठवतं आणि ताणाच्या वेळी ते कुठल्या रूपात वर येतं, हा स्वतंत्र आणि गंभीर अभ्यासाचा विषय आहे. तिच्या त्या अवस्थेला थेट गतजन्म म्हटलं की तो अभ्यास संपतो. तिचं दुःख काय होतं हे विचारण्याची गरज कुणाला उरत नाही.

इतकं झालं की समोरचा माघार घेतो आणि म्हणतो, हे सगळं बुद्धीच्या पलीकडचं आहे, प्रयोगशाळेत सापडणार नाही. ठीक. पण मग त्यानं त्या पलीकडच्या जगातून या जगासाठी निकाल आणू नयेत. आपल्याकडे पुनर्जन्म कधीच निव्वळ गूढ विचार राहिलेला नाही. तो हिशेबाची वही झाला. चोखामेळ्याच्या नावावर एक अभंग आहे. त्यात तो सांगतो की पूर्वी कृष्णाची निंदा घडली म्हणून मला हा हीन मानलेला जन्म मिळाला, हा विटाळ पूर्वीचंच फळ आहे. ज्याला मंदिराच्या पायरीपुढे जाऊ दिलं नाही, त्याच्याच तोंडून त्या अन्यायाचं समर्थन वदवून घेणारी याहून प्रभावी व्यवस्था दुसरी कुठली? बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धाच्या शिकवणीची मांडणी करताना पुनर्जन्म कशाचा आणि कोणाचा, हे दोन प्रश्न वेगळे केले आणि गतकर्माच्या सिद्धांतावर इतका कठोर प्रहार केला, तो याच कारणानं. हा माणूस आपल्याच मागच्या कर्मानं गरीब आहे असं एकदा ठरलं की शासनाची आणि समाजाची जबाबदारी संपते, हे त्यांनी ओळखलं होतं. ही वही अजून बंद झालेली नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला फिजिओथेरपीला नेणाऱ्या आईला 'मागच्या जन्मीचे भोग' हे शब्द आजही ऐकवले जातात, आणि ते ऐकवणारे सदाशिव पेठेतले शिकलेले लोकही असतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, गतजन्मी तू माझी पत्नी किंवा प्रेयसी होतीस असं सांगून लैंगिक संबंध ठेवण्याचा गुन्हा नोंदवावा लागला. पुनर्जन्म खरा की खोटा यावर त्या कायद्यात एक अक्षर नाही. परीक्षा नको म्हणणाऱ्या दाव्याच्या बळावर माणसाकडून काही उकळता येणार नाही, एवढंच तो सांगतो.

दुःखात असलेल्या माणसाचा प्रश्न वेगळा आहे. तरुण मुलाला वैकुंठ स्मशानभूमीत निरोप देऊन आलेल्या बापाला तो कुठेतरी पुन्हा जन्मेल असं वाटत असेल, तर त्याच्याशी वाद घालणं क्रूरपणाचं आहे. तो कुणाला दोष देत नाही, काही सिद्ध करत नाही. पण त्याच बापाला मुलाचा नवा जन्म दाखवतो असं सांगून फी घेणारा माणूस दावा करतो आहे, आणि दाव्याला पुरावा मागायलाच हवा.

विवेकवादी मित्रांशी माझं भांडण इथेच आहे. पुरावा मागणाऱ्याला तो तपासण्याची तयारीही ठेवावी लागते. या शहरात ते कसं करतात हे जयंत नारळीकरांनी दाखवून दिलंय. फलज्योतिषाला नुसती नावं ठेवण्याऐवजी त्यांनी, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह चाचणी आखली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या आणि ज्योतिष्यांना प्रत्येकी चाळीस पाठवून विचारलं, कुठली पत्रिका कोणाची? २७ ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के निघालं. नाणं उडवून निम्मी बरोबर आली असती. निकाल 'करंट सायन्स'मध्ये २००९ साली छापून आला. या चाचणीत ज्योतिष्यांचा अपमान नव्हता. त्यांचा दावा गंभीरपणे घेतला गेला होता.

पुनर्जन्माच्या दाव्याचीही अशीच चाचणी आखता येते. मूल काय सांगतं ते घरच्यांनी शोध सुरू करण्याआधी ध्वनिमुद्रित करायचं आणि मोहोरबंद करून त्रयस्थाकडे ठेवायचं. मग कुटुंबानं शोधलेल्या मृत व्यक्तीबरोबर त्याच परिसरातल्या, त्याच वयाच्या, तशाच व्यवसायातल्या आणखी चार मृत व्यक्तींची माहिती गोळा करायची. यांतला खरा कोण हे ज्याला माहीत नाही अशा परीक्षकाला पाचही वर्णनं देऊन विचारायचं, या मुलाच्या बोलण्याशी कोण सर्वांत जास्त जुळतं? नुसत्या योगायोगानं पाचांत एकदा बरोबर येईल. शंभर प्रकरणांत साठ वेळा बरोबर आलं, तर ज्यांनी आजवर हा विषय झटकून टाकला त्यांना, मलासुद्धा, नव्यानं विचार करावा लागेल. विसाच्या आसपास आलं तर काय म्हणायचं, हे श्रद्धा असलेल्यांनी चाचणीआधी लिहून द्यावं. संख्याशास्त्र विभाग, मानसोपचारतज्ज्ञ, कार्यकर्ते, आणि या विषयावर तास-तास बोलायला तयार असलेली दोन्ही बाजूंची माणसं पुण्यात आहेत. वेळ मात्र मोजका असतो. अशी मुलं साधारण दोन ते चार वर्षांची असताना बोलू लागतात आणि बहुतेक जण सात-आठव्या वर्षापर्यंत ते विसरून जातात, हे स्टीव्हन्सन यांचंच निरीक्षण आहे. त्यामुळे नोंद करायची ती मूल बालवाडीत असतानाच, आणि शेजारच्या गावातल्या दुकानदाराचं नाव घरात कुणी उच्चारण्याआधी.